विरळणी

अकरा मिलिमीटर, डॉक्टर बोरस्ते म्हणाल्या,
आणि पडद्यावरच्या करड्या धुक्यात बाणानं दाखवलं.
मी म्हटलं, बाई, अकराचा मणी
आमच्या पॅकहाऊसात रिंगमधून खाली पडतो.
सोळाच्या आतलं काही परदेशी जात नाही.
बावीस वर्षं पिंपळगावात
क्रेटच्या कडेला उभी राहून
असले मणी मी कात्रीनं टिपले.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
लहान आहे म्हणूनच बोलतेय.

सुई. कापणं नाही.
सुईच्या टोकाशी शून्याच्या कितीतरी खालची थंडी,
गाठीभोवती बर्फाचा गोळा,
मग वितळू द्यायचा, मग पुन्हा गोठवायचा.
भूल तेवढ्याच जागेला.
सगळ्यांना चालत नाही, हेही सांगितलं.
मोठी असती, काखेत पोचली असती,
दुसऱ्या स्वभावाची असती,
तर विषयच काढला नसता.
आणि नवं आहे. वीस वर्षांनी काय होतं
ते सांगायला अजून कुणी तिथवर पोचलेलं नाही.
मी अडुसष्टची.
म्हटलं, मी तरी कुठे पोचतेय.

थंडी मला शिकवायची गरज नव्हती.
निफाडला पारा तीनवर उतरला त्या साली
पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या आम्ही,
पाला ओला, नुसता धूर,
आणि उजाडलं तेव्हा मणी तडकलेले.
आतलं पाणी गोठून फुगलं की साल धरत नाही.
तेच, डॉक्टर म्हणाल्या. नेमकं तेच.

बरोबर थोरली जाऊ होती, कौतिका.
तिचं झालं तेव्हा तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
एक कागद, त्यावर भाऊजींची सही,
आणि शुद्धीवर आली तर डावी बाजू सपाट.
तेवीस वर्षं ती पोलक्यात राळ्याची पुरचुंडी घालते,
वजन जुळावं म्हणून.
दर दिवाळीला राळे बदलते. जुने चिमण्यांना.
घरात हे मला ठाऊक आहे, आणि चिमण्यांना.

गंगापूर रोडवरच्या त्या खोलीत मी जागी होते.
कातडी गोठू नये म्हणून डॉक्टर
मधेमधे खारं पाणी टोचत होत्या,
बर्फ आणि कातडी यांच्यात फट राखत.
पडद्यावर एक पांढरी कड, तिच्यामागे सगळा अंधार.
दुखतंय का मावशी, नर्सनं विचारलं.
म्हटलं, नाही, पण आकडा मोठ्यानं वाच.
प्रीकूलिंगचा पारा दर तासाला मीच वाचायचे,
न ऐकता बरं वाटत नाही.

बाहेर कौतिका बाकावर, मांडीवर डबा.
एवढ्यात?
आडोशाला नेऊन पदर बाजूला केला.
एक चिकटपट्टी. तिच्याखाली भोक, टिकलीहून लहान.
ती बघत राहिली.
एवढंच, म्हणाली.
त्या एवढंचपुढे मी काय बोलणार होते.
लाज वाटली, चोरी केल्यासारखी.

द्वारकेला बस अडकली, तिचं तोंड खिडकीकडे.
दहावा मैल गेला, ओझर गेलं.
मग म्हणाली, काचेलाच म्हणाली,
आमच्या वेळी विरळणी नव्हती गं.
घडच छाटायचे.

आता रोज एक गोळी, पाच वर्षं.
सहा महिन्यांनी पुन्हा तो पडदा.
गाठ अजून हाताला लागते. मेलेली आहे,
शरीर ती हळूहळू जिरवेल, वर्षही लागेल.
रात्री मी चाचपते.
मेलेलं आणि जिवंत बोटांना सारखंच लागतं.

काल संध्याकाळी कौतिका आली.
दार लोटलं, म्हणाली, दाखव कुठं ते.
मी हूक काढेपर्यंत
तिनं तळहात एकमेकांवर घासले,
फुंकर घातली,
गालाला लावून पाहिले,
गार वाटले असावेत,
पुन्हा घासायला लागली.